लॉख लाँगवरचे तीन डोंगर एका दिवसात: स्कॉटलंडमधल्या पहिल्या अवघड ट्रेकची तयारी

ग्लासगो किंवा एडिनबराला शिकायला, नोकरीला आलेला सह्याद्रीतला भटका इथल्या डोंगरांची उंची वाचतो आणि हसतो. कळसूबाई १६४६ मीटर, हरिश्चंद्रगड १४२४. आणि हे? कॉब्लर ८८४, बेन नार्नेन ९२६, बेन ईम १०११. "दुपारपर्यंत उरकून येऊ," असं म्हणून जीन्स आणि स्पोर्ट्स शूज घालून निघालेली मंडळी दर उन्हाळ्यात वाटेवर भेटतात.

उंचीचा आकडा इथे फसवतो, कारण चाल समुद्रसपाटीपासून सुरू होते. लॉख लाँग हे समुद्राचं आत घुसलेलं खारं पाणी आहे. भरती-ओहोटीच्या रेषेपासून चालायला लागायचं आणि कमावलेली उंची मध्ये दोनदा गमवायची. नार्नेनचे ९२६, तिन्ही डोंगरांमधल्या खिंडीतून ईमवर चढायचे सुमारे ३७० आणि पुन्हा खिंडीतून कॉब्लरचे सुमारे २४५ मिळून दिवसाचा चढ १५०० मीटरच्या वर जातो. अंतर साधारण १५ किलोमीटर. तरीही माझ्या मते इथला खरा प्रश्न चढाचा नाही. सह्याद्रीत आपण ऊन, तहान आणि कड्यांना जपतो. इथे जपायचं ते ओलं होऊन गारठण्याला आणि घड्याळाला. पुढची सगळी तयारी या दोन गोष्टींभोवतीच आहे.

१. महिना आणि दिवस निवडा

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मे आणि जूनचा पहिला पंधरवडा सर्वात चांगला. तुलनेनं कोरडे दिवस याच काळात जास्त मिळतात आणि उजेड भरपूर असतो. २१ जूनच्या आसपास ग्लासगोत सूर्य पहाटे साडेचारला उगवतो आणि रात्री दहाला मावळतो. २१ डिसेंबरला तोच पावणेनऊला उगवून पावणेचारला गायब होतो. तेव्हा हा ट्रेक उजेडात बसतच नाही.

जुलै-ऑगस्टही चालतो, पण तेव्हा मिजेस असतात. आपल्या चिलटांहून बारीक, चावणारे, थव्यानं येणारे. वारा असला की उडत नाहीत, वारा पडला की झाडीत आणि ओढ्याकाठी जगणं नकोसं करतात. तोंडावर घ्यायची जाळी दोन-चार पौंडांना मिळते. ती घेताना हसू येतं, वापरताना येत नाही.

नोव्हेंबर ते एप्रिल हे डोंगर वेगळेच असतात. बर्फ आणि गोठलेला कातळ असताना आइस ॲक्स (बर्फाची कुऱ्हाड) व क्रॅम्पॉन (बुटांना बांधायचे लोखंडी दाते) नुसते जवळ असून भागत नाही, ते वापरता यावे लागतात. हा लेख त्या दिवसांसाठी नाही.

दिवस ठरवताना फोनवरचा नेहमीचा हवामान अंदाज उपयोगाचा नाही, तो गावाचा असतो. माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिसचा अंदाज बघा. तो मोफत आहे आणि डोंगरमाथ्याचाच आहे. त्यात तीन गोष्टी वाचायच्या: वाऱ्याचा वेग आणि त्यानं चालण्यावर होणारा परिणाम, माथे ढगाबाहेर असण्याची शक्यता आणि ९०० मीटरवरचं तापमान. ही उंची म्हणजे जवळजवळ आपले माथेच. पाऊस मी चौथ्या क्रमांकावर ठेवते. पावसात चालता येतं. ताशी ४० मैलांच्या वाऱ्यात तोल जातो आणि माथ्यावर थांबणं अशक्य होतं, म्हणून असा अंदाज असेल तर घरी राहा.

२. कागदपत्रं: जवळजवळ काहीच नाहीत, पण एक कागद हवाच

वनखात्याची नोंद, प्रवेशशुल्क, परवाना, गाइडची सक्ती यातलं काही इथे नाही. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्यानं स्कॉटलंडमध्ये जबाबदारीनं वागणाऱ्या कोणालाही बहुतेक सगळ्या मोकळ्या जमिनीवर चालायचा हक्क दिला आहे. मालक खासगी असला तरी. बदल्यात अपेक्षा साध्या आहेत. फाटक जसं सापडलं तसंच ठेवायचं, मेंढ्यांच्या पिल्लांच्या हंगामात कळपापासून लांब राहायचं, कचरा परत आणायचा. शौचाला बसायची वेळ आलीच तर ओढ्यापासून निदान ३० मीटर लांब, खड्डा करून. चिप्सचं पाकीट दगडाखाली दाबणं म्हणजे विल्हेवाट नव्हे, हे आपल्या लोकांना वेगळं सांगावं लागतं याचं वाईट वाटतं.

जवळ ठेवायचे कागद एवढेच:

- छापील नकाशा. ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशासंस्थेचा एक्सप्लोरर ओएल ३९ किंवा लँडरेंजर ५६. हार्वी कंपनीचा आरोखर आल्प्सचा (याच डोंगरांचं एकत्रित नाव) नकाशाही छान आहे.
- परतीचं तिकीट आणि असेल तर रेलकार्ड.
- भारतातून फिरायला आला असाल तर प्रवास विम्याचा कागद. त्यात डोंगरात चालणं धरलं आहे का, ते निघण्यापूर्वी वाचा. अनेक पॉलिसी त्याला 'साहसी खेळ' म्हणून वगळतात.

आणि तो एक कागद: घरी ठेवायची चिठ्ठी. व्हॉट्सॲपवर पाठवली तरी चालेल. कोण कोण जाणार, कुठून चढणार, कुठल्या क्रमानं तीन माथे करणार, कुठून उतरणार, कुठल्या रंगाची जॅकेटं, किती वाजेपर्यंत फोन येईल आणि फोन आला नाही तर किती वाजता पोलिसांना कळवायचं. ही शेवटची वेळ स्पष्ट आकड्यात लिहा. 'उशीर झाला तर बघ' असं लिहिलं की पलीकडचा माणूस रात्री बारापर्यंत चुळबुळत बसतो. चिठ्ठी भारतातल्या आईबाबांना नको, इथल्याच कोणाला तरी द्या. पुण्याहून स्कॉटलंडच्या पोलिसांना फोन लावण्यात सगळ्यांचेच हाल होतात.

३. सामान

पावसाळी ट्रेकला आपण भिजायलाच जातो. लोहगडावर चिंब भिजून खाली आल्यावर गरम भजी खाल्ली की काम झालं. तो पाऊस कोमट असतो. इथे जुलैतही माथ्यावर सहा-सात अंश आणि वारा असू शकतो. त्यात भिजलेला सुती टीशर्ट अंगावर असेल तर अर्ध्या तासात दात वाजायला लागतात, मग बोलणं अडखळतं, मग माणूस "मी ठीक आहे" म्हणत खाली बसतो. म्हणून पहिला नियम: अंगावर सुती काहीही नको. जीन्स तर नकोच नको.

कपडे थरांत घाला. आत घाम बाहेर टाकणारा सिंथेटिक किंवा लोकरीचा पातळ थर, त्यावर फ्लीस, सर्वात वर पाणी आत न येऊ देणारं जॅकेट. त्याच प्रकारची पँटही घ्या. ही पँट सगळे विसरतात किंवा पैसे वाचवायला घेत नाहीत. मी उलट सांगेन: जॅकेट जुनं चालेल, पण पँट हवीच. टोपी आणि हातमोजे जूनमध्येही पाठीवर असू द्या. मोज्यांची आणखी एक जोडी घ्या, कारण पहिली ओली होणारच.

बूट घोट्याच्या वर येणारे आणि खोल खाचांचे. सह्याद्रीत कातळाला चिकटणारे आपले लाडके स्वस्त बूट इथल्या ओल्या गवतावर आणि काळ्या पीटच्या (कुजलेल्या वनस्पतींच्या) चिखलावर घसरतात.

बाकी:

- होकायंत्र, आणि ते वापरता येणारा निदान एक माणूस.
- हेडटॉर्च, जूनमध्येही.
- शिट्टी, प्रथमोपचाराचं सामान, गोचीड काढायचा आकडा.
- दोन-चार माणसं आत बसतील असा हलका आपत्कालीन तंबू. इथे त्याला बॉथी बॅग म्हणतात. काठ्या नसतात, सगळ्यांनी डोक्यावरून ओढून घ्यायचा आणि खाली बसायचं. पाच मिनिटांत आत ऊब येते.
- सॅकच्या आत मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी. सॅकवर चढवायचं कव्हर इथला वारा घेऊन जातो.
- पॉवरबँक, आतल्या खिशात. थंडीत बॅटरी भराभर उतरते.

खाण्याचं: वाटेत लिंबू सरबत, कांदाभजी, झुणका-भाकर काही नाही. टपरीच नाही. गार हातांनी डबा उघडत नाही, म्हणून खाणं खिशात मावेल असं घ्या: ठेपले गुंडाळून, शेंगदाण्याची चिक्की, खजूर, गुळाचे लाडू. थंड भाकरीचा चामडा होतो, थालीपीठ मात्र गारठलं तरी बरं लागतं. थर्मासभर गोड चहा चैनीचा नाही, औषधाचा समजा.

४. पोहोचायचं कसं

ग्लासगो क्वीन स्ट्रीटहून ओबान किंवा फोर्ट विल्यमकडे जाणारी गाडी पकडा आणि 'आरोखर अँड टार्बेट' स्थानकावर उतरा. सव्वा तासाचा प्रवास, डावीकडची खिडकी घ्या. स्थानक दोन गावांच्या मध्ये आहे. तिथून आरोखर गाव ओलांडून लॉखच्या टोकाला सकॉथच्या वाहनतळापर्यंत जवळजवळ तीन किलोमीटर चालावं लागतं. हा पाऊण तास लोक हिशेबात धरत नाहीत आणि परतताना तोच अंगावर येतो. सिटीलिंकची बसही आरोखरला थांबते.

गाड्या दिवसात मोजक्याच आहेत, रविवारी आणखी कमी. म्हणून आधी परतीची शेवटची गाडी बघा, मग सकाळची. रेल्वेनं गेलात तर चालायला सुरुवात दहाच्या आसपास होईल. तिन्ही माथे करायचे असतील तर मला ते जमणारं वाटत नाही. आदल्या रात्री आरोखरला राहा किंवा चारचाकीनं या आणि आठला चालायला लागा. वाहनतळावर पैसे भरावे लागतात. छान हवेच्या शनिवारी तो नऊलाच भरलेला असतो.

गावातून जाताना पलीकडच्या काठाकडे बघा. १९१२ ते १९८६ या काळात तिथे नौदलाचं टॉर्पेडो चाचणी केंद्र होतं. त्याआधी बऱ्याच शतकांपूर्वी, १२६३ मध्ये, नॉर्वेच्या राजाच्या लोकांनी याच टोकाला जहाजं पाण्याबाहेर ओढली, टार्बेटपर्यंत जमिनीवरून नेली आणि लॉख लोमंड या गोड्या पाण्याच्या सरोवरात उतरवून लुटालूट केली. आता बघण्यासारखं म्हणजे सार्वजनिक शौचालय. ते गावातच उरकून घ्या.

५. वेळेचा हिशेब घरीच मांडा

विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक सोपा नियम घालून दिला, तो आजही चालतो: दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. आपल्याला १५ किलोमीटरचे ३ तास आणि चढाचे अडीच तास, म्हणजे साडेपाच. यात थांबणं, खाणं, फोटो, घसारा, दलदल काहीच नाही. नवख्या गटानं साडेआठ ते नऊ तास धरावेत.

मी हे टप्पे कागदावर लिहून खिशात ठेवते: नार्नेनचा माथा तीन तासांत, खिंड चार तासांच्या आत, ईम करून पुन्हा खिंड सहा तासांत, कॉब्लर सव्वासात तासांत, वाहनतळ नऊ तासांत. नार्नेनला साडेतीन तास लागले तर ईम सोडायचा. हा निर्णय घरी, सोफ्यावर घ्या. वर गेल्यावर समोर दिसणारा माथा सोडायला कोणीच तयार नसतं, आणि गटातला सर्वात उत्साही माणूस बहुधा सर्वात मोठ्या आवाजात बोलतो.

६. चढ: सकॉथ ते बेन नार्नेन

मी अवघड वाट चढायला आणि सोपी उतरायला ठेवते, कारण संध्याकाळी गुडघे आणि डोकं दोन्ही थकलेलं असतं. वाहनतळासमोरचा ए ८३ रस्ता जपून ओलांडा, गाड्या वेगात असतात. समोर झाडीत शिरणारी रुंद, खडी टाकलेली नागमोडी वाट कॉब्लरची. आपण संध्याकाळी तिच्यावरून परतणार. नार्नेनची थेट वाट जुन्या बांधकामातल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या ओळीला धरून सरळ वर चढते. खडी, चिखलाची, मुळांची. पहिला तास घाम काढतो. इथे जॅकेट काढून सॅकमध्ये ठेवा. घामानं आतून भिजणं हे पावसानं बाहेरून भिजण्याइतकंच वाईट.

झाडी संपली की मागे वळून बघायला हरकत नाही. खाली लॉख लाँगची लांब चिंचोळी पट्टी, पलीकडे बेन लोमंड. त्यानंतर सोंडेवरून चढत वाट कातळाच्या भिंतीपाशी येते. हिला स्पियरहेड म्हणतात. भिंतीच्या बाजूच्या दगडगोट्यांच्या नळीतून वाट माथ्यावर निघते. एक-दोन ठिकाणी हात लावावे लागतात. राजगडाची बालेकिल्ल्याची वाट ज्यांनी निवांत केली आहे त्यांना काही वाटणार नाही, पण ओल्या दिवशी सैल दगड पायाखालून सुटतात. एकाच्या बरोबर खाली दुसऱ्यानं उभं राहू नये.

नळी धोक्याची वाटली, तर परत खाली येऊन कॉब्लरच्या रुंद वाटेनं खिंडीत जा आणि तिथून मागच्या बाजूनं नार्नेन करा. ती सोपी आहे.

माथा सपाट, दगडांनी भरलेला. सर्वेक्षणाचा खांब दिसला की पोहोचलात. ढगात असाल तर इथेच चकवा लागतो. सगळ्या दिशा सारख्याच दिसतात आणि पूर्व-दक्षिणेला कडे आहेत. हलण्यापूर्वी नकाशावरून उतरायची दिशा मोजून होकायंत्र लावा. उतार पश्चिमेच्या बाजूला आहे. समोरच्या गटाच्या मागे जाऊ नका, तेही तुमच्यासारखेच कोणाच्या तरी मागे निघालेले असू शकतात.

७. खिंड: दिवसाचा मुख्य निर्णय इथे

नार्नेन उतरलात की ब्यालख अ व्हाइम ही रुंद, गवताळ, पाणथळ खिंड लागते. उंची सुमारे ६४० मीटर. तिन्ही डोंगरांच्या मधोमध असल्यानं इथून प्रत्येक वेळी घरी जायची सोपी वाट उपलब्ध आहे. या ट्रेकची हीच खरी खुबी, आणि म्हणूनच पहिल्या मोठ्या दिवसासाठी मी हा सुचवते. खाली बसा, खा, घड्याळ बघा, एकमेकांचे चेहरे बघा. कोणी गप्प झालं आहे का? कोणाचे हात थरथरताहेत का? तसं असेल तर चर्चा न करता खाली निघा.

८. बेन ईम

वाट सोपी, गवताळ आणि ओली. चिखल टाळायला बाजूनं चालू नका, त्यानं वाट रुंद होत जाते आणि बूट तरीही भिजतातच. वर वाऱ्यापासून वाचायला दगड रचून केलेला आडोसा आहे. १०११ मीटरमुळे हा मुनरो ठरतो: ३००० फुटांवरच्या डोंगरांची यादी सर ह्यू मुनरो यांनी १८९१ मध्ये छापली, आज तिच्यात २८२ माथे आहेत. नार्नेनही त्यात जेमतेम बसतो. कॉब्लर बसत नाही, आणि तिघांत सर्वात देखणा तोच.

आल्या वाटेनं खिंडीत परता. कमी वेळात जाऊ म्हणून थेट दुसरीकडे उतरणं टाळा. ओलं खडं गवत कातळापेक्षा वाईट, एकदा घसरलात की धरायला काही नाही.

९. कॉब्लर आणि सुईचं भोक

खिंडीतून कॉब्लरच्या उत्तर अंगाला दगडी पायऱ्यांची बांधलेली वाट आहे. चढ खडा पण सुरक्षित. वर तीन सुळके. मधला सर्वात उंच, आणि त्याचा माथा म्हणजे एक भलामोठा चौकोनी कातळ. त्यावर जायला कातळातल्या भोकातून आरपार निघून पलीकडच्या अरुंद, बाहेर कललेल्या पायरीवरून वर चढायचं. कॅम्पबेल घराण्याच्या प्रमुखाला हे करून दाखवावं लागे, अशी दंतकथा आहे. तुम्हाला कोणाला काही दाखवायचं नाही.

चढाई अवघड नाही, दृष्टिभय आहे. कातळ ओला असेल, वारा असेल किंवा सॅक पाठीवर असेल तर भोकात शिरू नका. चढण्यापेक्षा परत उतरताना पाय शोधणं कठीण जातं. खालून फोटो काढा आणि माथा केला असं म्हणा, कोणी विचारत नाही. फार रांग असेल तर थांबूही नका, गारठायला तेवढं पुरतं.

१०. उतार

चढलेल्या पायऱ्यांनीच उतरा. कॉब्लरच्या सुळक्यांमधून थेट पूर्वेला ओढ्याकडे उतरणारी एक वाट दिसते. ती जवळची वाटते, पण खडी आणि खडबडीत आहे. पायऱ्यांच्या वाटेनं खिंडीच्या कडेला आलात की रुंद वाट ओढ्याच्या काठानं खाली जाते. नार्नेन बोल्डर्स हे दोन अजस्र दगड ओळखीची खूण. त्यापुढे छोटा बंधारा, मग झाडी, मग नागमोडी वळणं. बोल्डर्सपासून सकॉथ अजून तासभर लांब आहे, 'आलंच आता' म्हणून पाणी संपवू नका.

११. काही बिघडलं तर

९९९ किंवा ११२ ला फोन करा, आधी 'पोलीस' मागा, मग 'माउंटन रेस्क्यू' म्हणा. आरोखरचं स्वतःचं बचावपथक आहे. सगळे स्वयंसेवक, पैसे घेत नाहीत. नकाशावरच्या चौकटींवरून मोजलेला जागेचा सहा आकडी ग्रिड संदर्भ सांगता आला तर तास वाचतात. सरावासाठी: सकॉथचा वाहनतळ एनएन २९४ ०४९.

रेंज कमी असेल तर मेसेज जातो, पण त्यासाठी फोन आधी नोंदवावा लागतो. घरूनच ९९९ ला इंग्रजीत 'रजिस्टर' असा मेसेज पाठवा, आलेल्या उत्तरातल्या सूचना पाळा. फोन अजिबात लागत नसेल तर मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबून पुन्हा. टॉर्चनंही तेच. मदत येईपर्यंत बॉथी बॅगेत शिरा, जखमी माणसाच्या खाली सॅक, दोर, जे असेल ते घाला. जमीनही अंगातली ऊब शोषते.

नकाशा-होकायंत्र शिकायचं असेल तर माउंटेनिअरिंग स्कॉटलंड ही संस्था अभ्यासवर्ग घेते. आधी एका साध्या डोंगरावर, स्वच्छ हवेत सराव करा.

१२. घरी आल्यावर

वाहनतळावर पोहोचताच चिठ्ठीवाल्या माणसाला फोन करा, चहा नंतर. मग आंघोळीच्या वेळी अंग तपासा. खालच्या नेच्यांच्या रानात गोचिडी असतात, खसखशीच्या दाण्याएवढ्या. गुडघ्यामागे, काखेत, जांघेत, पट्ट्याच्या रेषेवर, केसांच्या कडेला बघा. आकड्यानं कातडीलगत पकडून हळूच सरळ काढा. तेल, काडी, नेलपॉलिश यातलं काही लावू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा बघा. पुढच्या काही आठवड्यांत चावल्या जागी पसरत जाणारा लालसर चट्टा उठला किंवा तापासारखं वाटलं तर जीपीकडे (इथल्या फॅमिली डॉक्टरकडे) जा आणि डोंगरात गेलो होतो, गोचीड चावली होती, हे स्वतःहून सांगा. गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम आजारावर वेळेत प्रतिजैविकं दिली की तो बरा होतो.